सहल रद्द होण्याचे कारण आणि विम्याच्या यादीतील कारणे

परदेश प्रवासाच्या विमा पॉलिसीत ‘ट्रिप कॅन्सलेशन’ असा एक रकाना असतो. त्यापुढे डॉलरमध्ये एक आकडा छापलेला असतो, आणि तो पाहून बहुतेकांची अशी समजूत होते की काही कारणाने जाता आले नाही, तर निदान तेवढे पैसे तरी परत मिळतील. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या पॉलिसी मी वाचल्या आहेत, काहींचे दावे भरायला मदतही केली आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या विम्याविषयीची जवळजवळ प्रत्येक निराशा याच समजुतीतून येते. हा विमा सहलीचा नसतो; पॉलिसीत नावानिशी लिहिलेल्या मोजक्या कारणांचा असतो. तुमचे कारण त्या यादीत असेल, ते पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेले असेल आणि कागदाने सिद्ध करता येत असेल, तरच पैसे मिळतात. कारण कितीही खरे आणि कितीही दुःखद असले, तरी यादीत नसेल तर दावा तिथेच संपतो.

आधी हे पाहायला हवे की विमा कंपनी नेमके कोणते पैसे देते. सहल रद्द केली की पैशांचे तीन भाग पडतात. काही रक्कम टूर कंपनी किंवा हॉटेल परत करते, काही विमान कंपनी परत करते, आणि जे कोणीच परत करत नाही ते आपले नुकसान. विमा फक्त या तिसऱ्या भागाचा विचार करतो, तोही पॉलिसीतील मर्यादेपर्यंत आणि डिडक्टिबल (प्रत्येक दाव्यातली आपण स्वतः सोसायची रक्कम) असेल तर ते वजा करून. समजा दोघांच्या सहलीचे चार लाख रुपये भरले होते, टूर कंपनीने नियमानुसार कापून दीड लाख परत केले आणि विमान तिकिटाचे चाळीस हजार आले, तर दाव्याची रक्कम दोन लाख दहा हजारांच्या वर जाऊ शकत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार प्रवाशाने न वापरलेल्या तिकिटावरील वैधानिक कर आणि विमानतळ शुल्के विमान कंपनीने परत करायची असतात, अगदी मूळ भाडे परत न मिळणारे असले तरीही. हे पैसे अनेक जण मागतच नाहीत, आणि मग विमा कंपनी दाव्यातून तेवढी रक्कम वजा करते तेव्हा चकित होतात.

विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केले तर पहिला हक्क तिच्याकडे मागायचा असतो. भारतात पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान यांतून निवड प्रवाशाची असते, आणि युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या उड्डाणांना २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, ज्यात अंतरानुसार २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र विमान रद्द झाल्यामुळे पुढचे आगाऊ भरलेले हॉटेल किंवा क्रूझ हातचे गेले, तर ते पैसे विमान कंपनी देत नाही. तिथे विम्याचे काम सुरू होऊ शकते, आणि तेही पॉलिसीत ‘वाहतूक संस्थेने केलेले रद्दीकरण’ हे कारण लिहिलेले असेल तरच.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, जो विमा लागतो त्याविषयी तर मोठाच घोळ आहे. व्हिसाची अट एवढीच आहे की तातडीचे वैद्यकीय उपचार, रुग्णालयातील खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च यांसाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण असावे. सहल रद्द होण्याचा तिथे उल्लेखही नाही. त्यामुळे व्हिसासाठी म्हणून घेतलेल्या सर्वांत स्वस्त पॉलिसीत तो रकाना नसतो, किंवा असला तरी मर्यादा इतकी लहान असते की दोन-तीन लाखांच्या सहलीपुढे तिचा उपयोग नगण्य ठरतो. वैद्यकीय खर्चासाठी पन्नास हजार किंवा एक लाख डॉलर असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि त्याच पानावर खाली सहल रद्द होण्यासाठी काही शे डॉलर असतात. मोठा आकडा लक्षात राहतो आणि सगळ्याच गोष्टींना तो लागू आहे असे वाटत राहते.

देशातल्या प्रवासातही अशीच गल्लत होते. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना ४५ पैशांत जो विमा मिळतो, तो रेल्वे अपघातातील मृत्यू, अपंगत्व आणि रुग्णालयाच्या खर्चाचा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी त्यात १० लाख रुपयांची तरतूद आहे आणि एवढ्या पैशांत ती मोलाचीच म्हणायला हवी, पण तिकीट रद्द केल्याचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही. विमान तिकिटांच्या अॅपवर दोन-चारशे रुपयांत ‘फ्री कॅन्सलेशन’ म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा विमा नसतेच. ती त्या पोर्टलची स्वतःची सवलत असते, तिला पोर्टलच्याच अटी लागू होतात आणि तिच्याविषयी विमा नियामकाकडे दाद मागता येत नाही. विशेष म्हणजे तिथे कारण विचारले जात नाही, म्हणून लहान, देशांतर्गत तिकिटासाठी मला ती सोय विम्यापेक्षा सरळ वाटते. फक्त आपण काय विकत घेत आहोत हे पैसे भरण्यापूर्वी कळायला हवे. विम्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवण्यास भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्येच मनाई केलेली आहे. तरीही शेवटच्या पानावरची बेरीज एकदा तपासून घ्यावी.

आता कारणांच्या यादीकडे. प्रत्येक कंपनीची यादी थोडी वेगळी असते, पण गाभा सारखाच असतो. विमाधारकाचा, त्याच्या जवळच्या कुटुंबीयाचा किंवा सहप्रवाशाचा मृत्यू, गंभीर दुखापत किंवा अचानक उद्भवलेला गंभीर आजार हे पहिले कारण. त्यानंतर जिथे जायचे तिथे आलेली नैसर्गिक आपत्ती, आणि काही पॉलिसींत राहत्या घराचे आग किंवा पुरामुळे झालेले नुकसान, न्यायालयाचे समन्स किंवा वाहतूक ठप्प करणारा संप. ही नावे वाचताना सगळे काही समाविष्ट आहे असे वाटते. पण यातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या मागच्या पानांवर दिलेली असते, आणि दाव्याचा निकाल तिथेच लागतो.

आजाराचेच पाहा. निघण्याच्या दोन दिवस आधी ताप चढला आणि घरच्या डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली, तर सामान्य माणसाच्या दृष्टीने सहल रद्द करायला ते पुरेसे कारण आहे. अनेक पॉलिसींना मात्र रुग्णालयात दाखल होणे आवश्यक वाटते, किंवा ‘प्रवासास अयोग्य’ असे डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र प्रवास रद्द करण्याआधीच्या तारखेचे लागते. ते नंतर मागून आणले तर शंकेला जागा राहते. आधीपासून असलेले आजार हा त्याहून कठीण प्रश्न आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याची जुनी तक्रार यांच्यामुळे सहल रद्द करावी लागली तर बहुतेक साध्या पॉलिसी पैसे देत नाहीत. आणि हा नियम फक्त प्रवाशापुरता नसतो. पुष्कळ पॉलिसींत तो घरी राहिलेल्या नातेवाइकालाही लागू होतो. म्हणजे वडील प्रवासाला येणारच नव्हते, पण त्यांचा जुना हृदयविकार उसळला म्हणून मुलाने तिकिटे रद्द केली, तर कंपनी वडिलांचे जुने केसपेपर मागू शकते. ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत त्यांनी हे कलम सर्वांत आधी शोधावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. नवीन पॉलिसी घेताना आजार लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळी उघड होते आणि मग वैद्यकीय खर्चाचे संरक्षणही धोक्यात येते.

‘जवळचे कुटुंबीय’ या शब्दांनी तर आपल्या घरांमध्ये फार त्रास दिला आहे. पॉलिसीच्या व्याख्येत पती किंवा पत्नी, मुले आणि आई-वडील असतात. कधी भावंडे आणि सासू-सासरे असतात, कधी नसतात. काका, काकू, आत्या, मामा, चुलत भावंडे क्वचितच असतात. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाची युरोपची सहल आठवड्यावर आली असताना त्यांचे चुलते वारले. एकाच वाड्यात वाढलेले, धाकट्या भावाच्या मुलांना स्वतःच्या मुलांसारखे सांभाळलेले गृहस्थ. घरात दहा दिवसांचे सुतक होते, तेराव्यापर्यंतचे सगळे विधी याच कुटुंबाला करायचे होते, आणि त्या अवस्थेत विमानात बसण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता. दाव्याची कागदपत्रे आम्ही नीट गोळा केली: मृत्यूचा दाखला, टूर कंपनीचे कपातीचे पत्र, पैसे भरल्याच्या पावत्या. महिनाभराने उत्तर आले की चुलते हे पॉलिसीतील कुटुंबीयांच्या व्याख्येत येत नाहीत. उत्तर पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे बरोबर होते आणि म्हणूनच त्याविरुद्ध करण्यासारखे काही नव्हते. माझा आक्षेप निर्णयावर नाही. तो त्या व्याख्येवर आहे. एकत्र कुटुंबांच्या देशात विकल्या जाणाऱ्या पॉलिसीत कुटुंब म्हणजे कोण हे पहिल्या पानावर, विकत घेण्याआधी दिसेल असे छापलेले असले पाहिजे. सुतक, वर्षश्राद्ध, लग्नाची ठरलेली तारीख बदलणे, यांपैकी कशालाच या विम्यात स्थान नाही. ज्याच्या घरी आजोबांच्या पिढीतले कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्याने विम्यावर विसंबण्याऐवजी परतावा मिळणारे हॉटेल आणि बदलता येणारे तिकीट घ्यावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल.

भीती हे कारणही यादीत नसते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. मृतांमध्ये महाराष्ट्रातलेही होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडून काश्मीरला जाणाऱ्या असंख्य सहली रद्द झाल्या. त्या रद्द करण्याला कोण नावे ठेवील? पण ‘जाण्याची इच्छा राहिली नाही’ हा प्रवास विम्यात सरळ वगळलेला मुद्दा आहे, आणि दहशतवाद, युद्ध किंवा युद्धसदृश स्थिती यांविषयीची कलमे तर बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे वगळलेली किंवा अतिशय मर्यादित असतात. त्या काळात काही विमान कंपन्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी शुल्क माफ केले, ते त्यांच्या स्वेच्छेने, विम्याने नव्हे. पुढच्याच महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले, तेव्हा तिकिटांचे पैसे विमान कंपन्यांकडून मिळाले, पण पुढच्या हॉटेलांच्या आगाऊ रकमेचा प्रश्न प्रत्येकाच्या पॉलिसीतल्या युद्धाच्या कलमावर येऊन थांबला. त्याच सुमारास तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सहली अनेकांनी, त्या देशांनी पाकिस्तानची बाजू घेतल्याचा निषेध म्हणून, रद्द केल्या. ती भूमिका ज्याची त्याची, पण तीही विम्याच्या दृष्टीने स्वतःहून बदललेला बेत ठरते.

साथीच्या रोगाचा अनुभव आपण सर्वांनीच घेतला. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली तेव्हा अनेक पॉलिसींत साथरोग वगळलेला होता, आणि सरकारी आदेशामुळे प्रवास थांबणे हे कारण यादीत नव्हते. विमान तिकिटांचे पैसे परत मिळण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने मोकळा केला. आर्थिक अडचणीतल्या विमान कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असा क्रेडिट शेल (रोख परताव्याऐवजी पुढच्या तिकिटासाठी वापरायची जमा रक्कम) देण्याची मुभा त्यातच होती. तो निकाल विमान भाड्यापुरता होता. परदेशातल्या हॉटेलांना दिलेले पैसे ज्यांचे बुडाले त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

पॉलिसी केव्हा घेतली हा मुद्दा लोक सर्वांत हलक्यात घेतात, आणि माझ्या मते तो कारणाइतकाच महत्त्वाचा आहे. एखादी घटना जाहीर झाली, वादळाला नाव मिळाले, संपाची नोटीस निघाली किंवा ज्वालामुखी जागा झाला, की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीला ती ‘ज्ञात घटना’ असते आणि तिच्यासाठी संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे विमा निघण्याच्या दोन-चार दिवस आधी, बॅगा भरता भरता घेण्याची सवय आहे. वैद्यकीय खर्चासाठी ते चालते. सहल रद्द होण्यासाठी मात्र तो विमा पहिली मोठी रक्कम भरली त्याच दिवशी घ्यायला हवा, कारण धोका त्या दिवसापासून सुरू होतो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर बंद केले, तेव्हा ब्रिटनमध्ये आणखी एक वाद उभा राहिला: राख ही ‘प्रतिकूल हवामान’ मानायची की नाही? काही कंपन्यांनी मानली, काहींनी मानली नाही, आणि एकाच विमानतळावर अडकलेल्या दोन प्रवाशांना वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्यानंतर तिथल्या अनेक पॉलिसींमध्ये ज्वालामुखीच्या राखेविषयी स्पष्ट शब्द आले.

कंपनीच बुडाली तर काय, हा प्रश्न भारतीय प्रवाशांना अलीकडच्या काळात दोनदा भोवला आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली आणि गो फर्स्टची ३ मे २०२३ पासून. दोन्ही वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटे लोकांच्या हातात होती. विमान कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिकीटधारक हा तिच्या असंख्य घेणेकऱ्यांपैकी शेवटच्या रांगेतला एक होतो, आणि साध्या प्रवास विम्यात वाहतूकदाराची दिवाळखोरी सहसा वगळलेली असते. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरचा तो व्यवहार उलटवून पैसे परत देण्याची, मागणी करता येते, आणि ती लवकर करावी लागते. टूर कंपनीला मोठी रक्कम रोखीने किंवा थेट खात्यात देण्यापेक्षा कार्डाने देण्याचा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

व्हिसा नाकारला गेला तर मूळ पॉलिसीत भरपाई नसते. काही कंपन्या त्यासाठी वेगळे अॅड-ऑन (जादा प्रीमियम घेऊन दिलेले जोड-संरक्षण) देतात. अशा वेळी सहल सुरूच झाली नसल्यामुळे नकाराचे पत्र दाखवून पॉलिसी रद्द करता येते आणि किरकोळ कपातीनंतर प्रीमियम परत मिळतो, पण व्हिसाचे शुल्क मात्र जाते. शेंगेनसाठी ते जून २०२४ पासून ९० युरो आहे. नोकरीतली रजा रद्द होणे, परीक्षेचे वेळापत्रक बदलणे, ही कारणे आपल्या पॉलिसींत फारशी आढळत नाहीत. २०२४ मध्ये दिवाळी संपते न संपते तोच २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, आणि निवडणुकीच्या कामाचे आदेश आलेल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना ठरलेले बेत मोडावे लागले. सरकारी आदेश हातात असूनही अशा रद्दीकरणाला साध्या विम्यात जागा नाही. निवडणुकीच्या वर्षात सरकारी नोकरांनी परतावा न मिळणारे आरक्षण टाळावे हेच बरे.

अमेरिकेत ‘कोणत्याही कारणासाठी रद्द’ अशा प्रकारचे संरक्षण मिळते आणि तिकडे राहणारी आपली मुले-मुली त्याविषयी इकडे सांगतात. ते खरे आहे, पण त्याच्याही अटी आहेत: पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत ते घ्यावे लागते, निघण्याच्या किमान दोन दिवस आधी सहल रद्द करावी लागते, आणि परत मिळतात ते नुकसानीच्या ५० ते ७५ टक्के. प्रीमियमही बराच जास्त असतो. शिवाय मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी तिथे जो ‘व्हिजिटर्स’ विमा घेतला जातो तो मुख्यतः वैद्यकीय असतो. भारतातून निघणेच रद्द झाले तर त्याचा उपयोग होत नाही.

कारण यादीत बसत असेल तर पुढचे सगळे कागदांवर अवलंबून असते. जाता येणार नाही हे कळताच, त्याच दिवशी, टूर कंपनी आणि विमान कंपनी यांना लेखी कळवून रद्द करावे. ‘बघू, दोन दिवसांत बरे वाटेल’ म्हणून थांबले की कपात वाढते, आणि विमा कंपनी ती वाढलेली कपात द्यायला नकार देऊ शकते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी ईमेल करून दाव्याचा क्रमांक घ्यावा. भरलेल्या रकमेच्या पावत्या, रद्दीकरणाच्या अटींची मूळ प्रत, किती परत मिळाले याचे पत्र, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, नाते दाखवणारा पुरावा, हे सगळे लागते. टूर कंपन्या कपातीचे पत्र देताना टाळाटाळ करतात. ते लेटरहेडवर, आकड्यांची फोड करून मागावे.

दावा नाकारला तर नकाराच्या पत्रात कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे ते पाहावे, आणि ते कलम व्याख्येसकट वाचावे. पॉलिसीचे शब्द संदिग्ध असतील तर त्यांचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या, म्हणजे विमा कंपनीच्या, विरुद्ध लावायचा हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी मानले आहे. शब्द स्पष्ट असतील तर मात्र ते मदतीला येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते एवढेच. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

मी स्वतः लहान सहलीसाठी रद्दीकरणाचा विमा घेत नाही. परतावा मिळणारे आरक्षण निवडतो आणि विम्याचे पैसे वैद्यकीय संरक्षणावर खर्च करतो. महिनोन्महिने आधी मोठी, परत न मिळणारी रक्कम भरायची असेल, किंवा सोबत वयस्क प्रवासी असतील, तर घेतो. मात्र पैसे भरण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेलने तीन प्रश्न विचारतो: कुटुंबीयांच्या व्याख्येत माझे आई-वडील, सासू-सासरे आणि भावंडे येतात का; त्यांचा आधीपासूनचा आजार बळावला तर दावा मान्य होईल का; आणि आजारासाठी रुग्णालयात दाखल होणे सक्तीचे आहे का. ही उत्तरे फोनवर घेत नाही. लेखी आलेली उत्तरे पॉलिसीच्या प्रतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवतो, आणि कंपनीने लेखी उत्तर देण्याचे टाळले तर दुसरी कंपनी पाहतो.